कर्ज मिळाले, गाडी गेली

आम्ही एका कचेरीत कारकून. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे वस्तीत कुणाला फॉर्म भरायचा असला की तो रविवारी सकाळी समाजमंदिरात आमच्यापुढे येऊन बसतो. २०२० च्या जूनमध्ये केंद्राची पी.एम. स्वनिधी योजना निघाली. महापालिकेने पथविक्रेत्यांकडून अर्ज मागवले तेव्हा आमच्या पेनाला उसंत नव्हती. टाळेबंदीत हातगाड्या उलट्या पडलेल्या, भांडवल पोटात गेलेले. अशा वेळी तारण नाही, जामीनदार नाही आणि १०,००० रुपये! १२ हप्त्यांत फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्के सवलत. वस्तीतला सावकार हातावर ९,००० ठेवतो आणि १०० दिवस रोज १०० रुपये नेतो. हिशेब आम्हाला येतो, म्हणून घरोघरी जाऊन सांगितले, कर्ज घ्या.

एस.टी. स्टँडजवळ पोह्यांची गाडी लावणाऱ्या एका मावशींचे नाव सर्वेक्षणाच्या यादीत नव्हते. पाहणीची माणसे आली दुपारी. मावशींची गाडी पहाटे पाचला लागते आणि दहाला उठते. अशांना महापालिकेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळत होते. तीन खेपा घालून आम्ही ते मिळवले. मावशींनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीच्या दांड्याला बांधले. आम्हीही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आता तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

चौथा हप्ता भरला त्याच आठवड्यात अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली. शेगडी, पातेली, भिजवलेले पोहे, सगळे. मावशींनी पत्र दाखवले. पथकातला माणूस म्हणाला, "हे कर्जाचं आहे, जागेचं नाही."

पत्राबद्दल तो खोटे बोलला नव्हता. शिफारसपत्र वेगळे आणि विक्री प्रमाणपत्र वेगळे, हे आम्हीच नीट पाहिले नव्हते. मावशी संध्याकाळी दारात आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "भाऊ, देणारी बी महापालिका, नेणारी बी महापालिका. मग हप्ता कशावर कमावू?"

त्या रात्री २०१४ चा पथविक्रेता कायदा काढून वाचला. तो आधीच वाचायला हवा होता. सर्वेक्षण पुरे होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. माल जप्त केला तर यादी करून सहीची प्रत द्यावी लागते. दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत सोडावा लागतो. मावशींच्या हाती चिठोरेही नव्हते. मात्र त्यांच्या पत्र्याच्या डब्यात दंडाच्या जुन्या पावत्या होत्या, बारा वर्षांच्या. प्रत्येकीवर तारीख, प्रत्येकीवर तीच जागा. मावशी तिथे उभ्या राहतात याचा पुरावा खुद्द महापालिकेनेच वर्षानुवर्षे लिहून दिला होता! त्या अर्जाला जोडल्या, पोच घेतली. गाडी अकराव्या दिवशी मिळाली. पत्रा वाकलेला, शेगडी गायब. दांड्याला शिफारसपत्र मात्र तसेच बांधलेले.

कर्जाचे टेबल आणि अतिक्रमणाचे टेबल एकाच इमारतीत, मधे एक जिना. आमच्या मते कर्ज वाटणे महापालिकेला सोपे जाते, कारण पैसा बँकेचा असतो. जागा द्यायची तर रस्ता मोजावा लागतो, दुकानदारांची नाराजी घ्यावी लागते. ते काम नगर पथविक्रेता समितीत व्हायचे. कायद्याने त्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व. आमच्याकडे निवडणूक झाली तेव्हा वस्तीतल्या बहुतेकांना मत नव्हते. कारण तेच, यादीत नाव नाही.

मावशींनी बाराही हप्ते फेडले, गाडी अडकली त्या महिन्याचा भिशीतून. पुढे २०,००० मिळणार होते. आम्ही फॉर्म घेऊन गेलो तर त्यांनी तो उलटा करून ठेवला. "आधी जागेचा कागद आणा, मग पैशाचं बोलू."

२०२५ मध्ये योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली, पहिले कर्जही १५,००० झाले. समाजमंदिरात पुन्हा गर्दी होते. आधार कार्ड आणि पासबुक लोक आठवणीने आणतात. आम्ही विचारतो, दंडाच्या पावत्या आहेत का? बहुतेकांनी त्या चुलीत घातलेल्या असतात.