समोरच्याची रेंज गेली तर?

मुलांनो, मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या चालीची वाट बघत तुम्ही कधी ताटकळलाय? समोरासमोर खेळताना ठीक असतं. समोरचा डोकं खाजवतो, नखं कुरतडतो, म्हणजे विचार चाललाय हे आपल्याला दिसतं. मोबाईलवर मात्र तो विचार करतोय की त्याची रेंज गेलीय, हे कसं कळणार? त्याचं घड्याळ काही थांबत नाही. ते शून्यावर आलं की झालात तुम्ही विजयी!

यावरून माझ्या चौथीच्या वर्गात एकदा चांगलीच जुंपली होती. "बाई, काल मी ह्याला हरवलं!" एकजण ऐटीत सांगत होता. "हरवलं कसलं? आमच्याकडची लाईट गेली. माझ्याकडे एक हत्ती जास्त होता!" असं म्हणताना दुसऱ्याचे डोळे भरून आले. झालं, वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, नियम म्हणजे नियम. दुसरा म्हणे, याला काय जिंकणं म्हणतात? मग मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ऑनलाइन ऑलिम्पियाड भरवलं. आपल्या संघाचा कप्तान होता नाशिकचा विदित गुजराथी. उपांत्यपूर्व फेरीत आपली गाठ पडली आर्मेनियाशी. केरळच्या १६ वर्षांच्या निहाल सरीनविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या हाइक मार्टिरोस्यानचा संपर्क तुटला. वेळ संपली, डाव गेला. आर्मेनियानं दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. त्यांनी निषेध म्हणून स्पर्धाच सोडली आणि आपण पुढे गेलो.

३० ऑगस्टला अंतिम सामना होता रशियाशी. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीच्या वेळी जगात अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं. या वेळी संपर्क तुटला तो आपल्याच निहालचा आणि नागपूरच्या १४ वर्षांच्या दिव्या देशमुखचा! दोघंही वेळेवर हरले. आता दाद मागायची पाळी आपली होती. शेवटी फिडेच्या अध्यक्षांनी भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिलं.

आपल्याला आनंद झाला, तो व्हायलाच हवा. पण आर्मेनियाच्या मुलांना त्या दिवशी काय वाटलं असेल? एकाच स्पर्धेत निहालनं दोन्ही बाजू अनुभवल्या. आज समोरच्याची रेंज जाते, उद्या आपली.

मग हा नियमच वाईट का? तसं नाही हं. हरायला लागलं की मुद्दाम नेट बंद करणारेही असतात. पंच काही घरात येऊन बघू शकत नाही. म्हणून घड्याळ चालू ठेवावंच लागतं. नियम सगळ्यांना सारखाच असला पाहिजे.

पण नियम पाळूनही खेळाडूच्या हातात काहीतरी उरतंच. त्याच वर्षी एका मोठ्या ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटला आणि तो वेळेवर हरला. समोर होता तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन. नियमानं गुण त्याचा. पुढच्या डावात कार्लसननं काय केलं ठाऊक आहे? सुरुवातीलाच आपला वजीर फुकट देऊन टाकला आणि डाव सोडला. हिशेब बरोबर झाला! त्याला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

तुम्हाला वजीर द्यायची गरज नाही. मित्राशी खेळताना रेंज गेली तर त्याला फोन करा. डाव जिथं थांबला तिथली मोहरी दुसऱ्या दिवशी साध्या पटावर मांडा आणि पुढे खेळा. स्पर्धा असेल तर गुण घ्या, पण "मी त्याला धुतला" असं सांगत फिरू नका. आणि रेंज तुमची गेली असेल, तर खरं बोला. हरत आलेला डाव "मी जिंकणारच होतो" म्हणून पुन्हा मागणं, हाही रडीचा डावच!

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मूल खेळून उठलं की आपण विचारतो, "जिंकलास का?" त्याच्या जोडीला "डाव कसा झाला?" हेही विचारून बघा. मग मुलं घड्याळानं मिळालेल्या विजयाबद्दलही मोकळेपणानं बोलतील.

काय मग, पुढच्या वेळी समोरच्याची रेंज गेली तर काय कराल? घरी सगळ्यांशी बोला आणि आधीच ठरवून ठेवा. घड्याळ पळू लागल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही!