सोहळा थांबतो, मग दगड का नाही?

आपल्याकडे मराठी-कन्नड, तसे सावरगाव-पांढुर्ण्यात घरी मराठी, कचेरीत हिंदी. मधून जाम नदी वाहते. याच मध्य प्रदेशात मार्च २०२० मध्ये भोपाळ-इंदूरला आयफाचा चित्रपट पुरस्कार सोहळा ठरला होता. करोना आला, सोहळा आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. असे सोहळे टीव्हीवर येतात ते कापून-जोडून. फसलेले निवेदन पुन्हा घेता येते. सावरगावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात. कॅमेरे इथेही येतात. पण फुटलेले डोके पुन्हा सांधून दाखवता येत नाही. माणसे दगावलीही आहेत. जिवासाठी झगमगाट थांबवता येतो, मग परंपरेतले दगड का थांबू नयेत?