स्टिकर छान लावलाय

“स्टिकर छान लावलाय. पण मधलं अशोकचक्र विसरलात!”

पंधरा ऑगस्टला शाळेतल्या प्रदर्शनात माझं विमानाचं मॉडेल पाहून प्रमुख पाहुणे एवढं बोलले आणि शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीकडे वळले. खरं तर राग दुसऱ्या वाक्याचा यायला हवा होता. मला आला तो पहिल्याचा, आणि अजून गेलेला नाही.

तारापूर एमआयडीसीत पाळीची नोकरी, घर कोळगावात, गॅलरीत एअरब्रश आणि कॉम्प्रेसर. बायकोच्या मते ती गॅलरी कपडे वाळत घालायची आहे. मामा ओझरला, मिग बनवणाऱ्या एचएएलमध्ये होते, म्हणून लहानपणापासून डोक्यात मिग-२१. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २०२५च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार असं जाहीर झालं, तेव्हा वर्षानुवर्षं कपाटावर पडलेलं १/३२ मापाचं किट खाली काढलं. या मापात मिग हातभर लांब होतं. खऱ्या विमानाचे पंख ७.१५ मीटर, मॉडेलवर ते २२ सेंटीमीटर. एवढ्या पंखावर हवाई दलाची तिरंगी गोल चिन्हं काढताना फसवाफसवी चालत नाही.

किटबरोबर डिकल येतात, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं. छोट्या मॉडेलवर ती शोभतात. मोठ्यावर त्यांची पारदर्शक किनार दिसते, खाली हवा राहिली की चंदेरी चकाकते. शिवाय डिकलचा केशरी रंग पातळ असतो, खालचा हिरवा-करडा त्यातून डोकावतो आणि केशराची वीट होते. म्हणून ठरवलं, चिन्हं रंगानेच काढायची, मास्क लावून.

मास्क म्हणजे काय हे आमच्या आईला एका वाक्यात कळलं. “रांगोळीचा छापा!” ती स्वतः ठिपक्यांची रांगोळी काढते, छापा वापरणाऱ्या बायकांविषयी तिची मतं जहाल आहेत. पुढचा आठवडाभर मी तिच्या दृष्टीने त्याच गटात होतो.

मास्क कापायला पालघरच्या एका रेडियमवाल्याकडे गेलो. नंबरप्लेट, रिक्षांवरचे ‘आईचा आशीर्वाद’, बुलेटच्या टाकीवरचे वाघ, हे त्याचं काम. रुपयाच्या नाण्याएवढी तीन वर्तुळं एकात एक हवीत, म्हटल्यावर त्याने कोरल सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत काढून प्लॉटरला दिली. कापून आली तर एकही वर्तुळ पूर्ण नाही. पातं जिथून निघालं तिथे परत येतच नव्हतं, केसाएवढी फट राहत होती. गाडीच्या काचेवरच्या अक्षरांत ती कुणाला दिसत नाही. माझ्या पंखावर ती लगेच डोळ्यात भरली असती. पोरगा हुशार. त्याने पात्याच्या टोकाचं अंतर मशीनमध्ये बदललं, तीनदा कापून पाहिलं, चौथ्यांदा वर्तुळ मिटलं. पैसे घेताना म्हणाला, “काका, एवढ्याशा स्टिकरला एवढं कोण बघतं?”

पहिला प्रयत्न वाया गेला. मास्क उचलला तर त्याच्याबरोबर हिरवा रंग, त्याखालचा प्रायमर, सगळं पापुद्र्यासारखं निघालं आणि पांढरं प्लास्टिक उघडं पडलं. रेडियमचा गोंद मोटारसायकलवर चार पावसाळे टिकायचा, तो माझ्या प्रायमरला कसला जुमानतो! बोईसरला डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका उस्तादांना दाखवलं. त्यांनी विमान हातातही घेतलं नाही. “धुतलं होतं?” नव्हतं धुतलं. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा तसाच होता. भांडी घासायच्या साबणाने धुवा, मास्क आधी पँटवर दोनदा चिकटवून त्याचा जोर मारा, आणि कडेवरून आधी खालचाच रंग मारा. शेवटचं मला कळेना. ते म्हणाले, “रंग टेपखाली शिरणारच. मग त्याच रंगाला शिरू दे ना. फट बुजली की वरचा कुठून जाईल?” इतकी वर्षं या छंदात आहे, इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

मग ऑगस्टची हवा. दमट दिवशी लॅकर मारलं की वर सायीसारखी धुरकट झाक येते. पाऊस थांबलेली दुपार पकडायची, तीही माझी पहिली पाळी असेल तेव्हा. तिन्ही वर्तुळं एकदम बसवली, म्हणजे केंद्र हलत नाही. नुसता पांढरा पट्टा जागेवर ठेवून बाकीचं उचललं, असं म्हणायला सोपं. आधी सगळीकडे पांढरा, मग बाहेर केशरी, मग केशरी झाकून आत हिरवा. सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा. शेपटीवरच्या नंबरातल्या शून्याच्या आणि आठाच्या पोटातले कण चिमट्याने एकेक ठेवले. रंग पुरता वाळायच्या आत मास्क स्वतःवरच दुमडत सावकाश ओढला. खाली रिव्हेटची रांग केशरातून हिरव्यात सलग गेलेली दिसली, तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवलं. तिने पाहिलं, “छान” म्हणाली आणि परत झोपली.

आणि त्याला म्हणे स्टिकर.

पाहुण्यांबरोबरचे एक गृहस्थ मागे रेंगाळले होते. त्यांनी वाकून पंखावरच्या चिन्हाच्या कडेला नख लावलं. स्टिकरचं टोक शोधत होते. मी “अहो” म्हणेपर्यंत नख सरकून गेलं. काही उचकटलं नाही. तेही जरा चपापले. खोटं कशाला बोलू, रागाच्या आधी मला आनंदच झाला. नंतर उजेडात धरलं तर मॅट रंगावर नखाची चकचकीत रेघ उठली होती, केशरातून पांढऱ्यात गेलेली. प्रदर्शनात वस्तू ठेवणाऱ्यांनी काचेची पेटी ठेवावीच. ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्याकडे हात लावण्याची आठवण करून देते.

अशोकचक्राचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कुणी ऐकलं नाही एवढंच. विमानावरचं चिन्ह म्हणजे झेंडा नव्हे, ते लांबून ओळखण्यासाठी असतं. दुसऱ्या महायुद्धात इकडच्या आघाडीवरच्या विमानांच्या चिन्हातला मधला लाल ठिपका मुद्दाम काढला होता, कारण जपान्यांचं चिन्ह म्हणजे लाल गोळा, आणि आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडलं असतं. आवेशात हे सगळं घरी बायकोला सांगितलं. मग पुरावा म्हणून पुस्तक काढलं, तर स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं, १९५० साली आताचं चिन्ह येईपर्यंत, आपल्या विमानांवर अशोकचक्रच होतं. म्हणजे पाहुणे अगदीच चुकले नव्हते. मिग यायच्या आधीचं सांगत होते, इतकंच. आणि हे त्यांना माहीत असेल असं मला वाटत नाही. चोवीस आऱ्यांचं चक्र मास्कने काढायचं झालं तर किती कण चिमट्याने ठेवावे लागतील, हे मात्र मी त्या रात्री मोजत बसलो.

२६ सप्टेंबरला चंदीगडचा निरोपसमारंभ टीव्हीवर पाहिला. मॉडेल समोर ठेवलं होतं. रेघ अजून तशीच आहे. मॅट वार्निशचा एक हात दिला तर जाईल, पण हवा कोरडी झाली तरी मी तिकडे फिरकलेलो नाही. गेल्या आठवड्यात गाडीच्या नंबरप्लेटसाठी त्या रेडियमवाल्याकडे गेलो होतो. फोनमधला फोटो दाखवला. त्याने मोठा करून, सरकवून सरकवून पाहिला आणि दुकानातल्या दुसऱ्या पोराला हाक मारली. “हे बघ, आपला स्टिकर.”

त्याला मी काही बोललो नाही.