निकेलचे तीन रंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरी ‘एम.एस्सी. करतोय, इनऑर्गॅनिक केमिस्ट्री’ असं सांगितलं की पाहुणे चहाकडे वळतात. युनिव्हर्सिटीतही या विषयाचा दिमाख बेताचाच. ऑर्गॅनिकवाल्यांना औषध कंपन्या खुणावतात. आमच्या वाट्याला कॉटन-विल्किन्सनचा जाडजूड ग्रंथ आणि त्यातले न संपणारे अपवाद.

मला विषय कळला तो परीक्षानळीत. निकेल सल्फेटचं हिरवं द्रावण घ्यायचं आणि थेंबथेंब अमोनिया सोडायचा. आधी फिकट हिरवा साका, मग तो विरघळून निळं-जांभळं पाणी. त्यात डायमिथाइलग्लायऑक्झाइम घातलं की गुलाबी-लाल साका. निकेल तोच, त्याला चिकटलेले शेजारी रेणू तेवढे बदलले. शेजाऱ्यांचा जोर वाढला की धातूच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधलं अंतर वाढतं, शोषला जाणारा प्रकाश बदलतो आणि रंगही. फळ्यासमोर हेच ऐकताना डुलकी लागायची, ते सोडा.

रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नरच्या हातात तरी याहून जास्त काय होतं? कोबाल्टचे दोन क्षार, दोन्हींत क्लोरीन तीन-तीन. सिल्व्हर नायट्रेट घातलं तर एकातून तिन्ही खाली बसतात, दुसऱ्यातून दोनच. तिसरा कुठे अडकला? थेट कोबाल्टलाच चिकटलाय, आणि कोबाल्टभोवती जागा सहाच, असं त्याने 1893 साली सांगितलं. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आत डोकावायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. असं धाडस आमच्या प्रश्नपत्रिकेत बसत नाही. तिथे ‘टीपा लिहा’.

आणि असं ‘टीपा लिहा’ छापाचं शिकवणं बडोद्यात व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास गज्जर 1890 साली महाराजा सयाजीरावांच्या पाठबळाने कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी करतात, 1907 मध्ये कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत अलेम्बिक कंपनी काढतात. प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याची वाट या शहराने तेव्हाच पाडली. आजही फर्टिलायझरनगरच्या कारखान्यात अमोनिया तयार होतो तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर. नायट्रोजनची घट्ट जोडी त्या पृष्ठभागावर सुटते. आमचा ‘संक्रामक मूलद्रव्ये’ हा धडा म्हणजे नेमकं हेच. पण धड्यात त्या कारखान्याचं नाव नाही.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती: पहिल्या तासाला इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांची आकृती काढू नका. आधी निकेलची नळी पोरांच्या हातात द्या.