सवचे ऊन पाणी

वीस मार्चला महाडला किती गर्दी असते, हे तुम्हाला सांगायला नको. आमचे हे धडधाकट होते तेव्हा आम्ही दरवर्षी मुंबईहून यायचो. चार वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला, उजवे अंग गेले, आणि आमची वीस मार्च बंद झाली. मागच्या खेपेला मात्र यांनी हट्टच धरला. नीट बोलता येत नाही, पण 'तळं, तळं' एवढे म्हणता येते. मग काय करणार! खुर्ची बांधली, औषधांची पिशवी घेतली आणि निघालो.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांपाशी मी थांबले. खुर्ची खाली कशी न्यायची? निळ्या टोपीतली दोन पोरे आपण होऊन पुढे आली, "काकी, तुम्ही बाजूला व्हा," म्हणाली आणि यांना खुर्चीसकट उचलून पाण्यापर्यंत नेले. यांनी डाव्या हाताची ओंजळ बुडवली आणि किती तरी वेळ ती तशीच धरून बसले. चार वर्षांत मी यांना रडताना पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले.

रात्री नणंदेकडे मुक्काम होता. त्या म्हणाल्या, "वैनी, एवढे आलाच आहात तर उद्या दादाला सवला न्या. ऊन पाण्यात बसवा. आमच्या गावातले दोघे-तिघे तिथे बसून बरे झालेत."

सव हे महाड तालुक्यातले सावित्रीकाठचे गाव. तिथे जमिनीतून आपोआप ऊन पाणी येते. आपल्या कोकणात अशी ठिकाणे बरीच. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. नावातच 'ऊन' आहे. तिकडे वर वज्रेश्वरी-गणेशपुरी. सह्याद्रीच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण अशी ही झऱ्यांची रांगच आहे. यात दैवी काही नाही आणि जवळपास ज्वालामुखीही नाही. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. एवढेच. पण सांधे धरलेला माणूस त्यात बसला की त्याला बरे वाटते, हेही खरे.

सकाळी पुतण्याने रिक्षा आणली. महाडची वस्ती मागे पडली आणि सावित्री दिसू लागली. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. समुद्राची भरती पार महाडपर्यंत येते. मार्चमध्ये ती एवढी शांत दिसते की २०१६ च्या ऑगस्टात हिने महामार्गावरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून नेला, २०२१ च्या जुलैत अख्खे महाड पाण्यात घातले, हे खरे वाटू नये. याच पाण्यावरून पूर्वी बोटी दासगावपर्यंत यायच्या. १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती दहनाच्या परिषदेला बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला गेले. हे सारे मी यांना सांगत होते. यांना ते माझ्याहून जास्त माहीत आहे, पण ऐकायला आवडते.

झऱ्याजवळ पोचलो तेव्हा ऊन चढले नव्हते. पाण्यावर बारीक वाफ होती, गंधकाचा वास येत होता. एक म्हातारे गृहस्थ गुडघे बुडवून बसले होते. पलीकडे एक बाई आपल्या नवऱ्याच्या पायावर तांब्याने पाणी घालत होती. पुतण्या यांना उचलून एकदम पाण्यात बसवायला निघाला, तेवढ्यात ती बाई ओरडली, "अरे बाळा, थांब! त्यांचा मेलेला पाय कुठला? त्या पायाला चटका कळायचा नाही. आधी तुझा हात घाल, मग त्यांचा चांगला पाय, आणि मग दुसरा."

मला लाज वाटली. चार वर्षे मी यांना आंघोळ घालते, कोपर बुडवून पाणी पाहते, आणि इथे येऊन 'बरे होतील' या आशेने तेच विसरले! भगिनींनो, तुमच्या घरी असे माणूस असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा. लुळ्या अंगाला भाजलेले समजत नाही.

यांना हळूहळू बसवले. पाच मिनिटांत चेहरा सैलावला. उजव्या हाताची मूठ, जी मला रोज सकाळी एकेक बोट धरून उघडावी लागते, ती थोडी सुटली. मी त्या बाईशेजारी टेकले आणि आमचे बोलणे सुरू झाले.

ती पोलादपूर तालुक्यातली. नवरा झाडावरून पडला, कंबरेखाली काही नाही, त्याला नऊ वर्षे झाली. मी विचारले, "ताई, संजय गांधीचे पैसे मिळतात का?" ती म्हणाली, "मिळायचे. मध्ये बंद झाले. हयातीचा दाखला द्यायचा राहिला. पुरात कागद भिजले, मग माझी सासू गेली, त्या गडबडीत तारीख निघून गेली. आता हा माणूस समोर बसलाय, पण कागदावर जिवंत नाही!" असे म्हणून ती हसली. मला हसू येईना.

मग मी माझी कथा सांगितली. यांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवायला मला पाच खेपा पडल्या. कधी डॉक्टर रजेवर, कधी यंत्र बंद. प्रत्येक खेपेला रिक्षाचे भाडे, आणि माझा कामाचा खाडा. मी एका खानावळीत पोळ्या लाटते. शेवटी प्रमाणपत्र हाती आले, अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारले, "बाई, तुम्ही कमावता ना? मग हे निराधार कसे?"

वाचकहो, या प्रश्नावर मी रात्र रात्र विचार केला आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले हे याच सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेतचे. अनुदानाची रक्कम वाढत वाढत २०२३ मध्ये महिना १५०० झाली आणि दिव्यांगांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५००. चांगलेच झाले. पण अट कुटुंबाच्या उत्पन्नाची! ती वर्षाला २१ हजार होती, दिव्यांगांसाठी ५० हजार केली. ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. त्याहून जास्त कमावले तर यांचे अनुदान जाते. कमी कमावले तर खोलीचे भाडे भरता येत नाही. आणि काम सोडून यांच्याजवळ बसले तर त्या बसण्याला कोणी काम म्हणत नाही. कुशीवर वळवणे, भरवणे, धुणे, रात्री दोनदा उठणे, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

अशी नोंद कुठेच होत नाही असे मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये १९७६ साली घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायकांना तो नव्हता. त्या तर घरीच असणार, असे कायद्याने धरले होते! जॅकी ड्रेक नावाच्या विवाहित बाईने आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, तो नाकारला गेला, तेव्हा ती लढली. १९८६ साली युरोपच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सगळ्या विवाहित बायकांना तो हक्क मिळाला. आपल्याकडे केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' योजना आणली, महिना ६०० रुपयांची. आणि आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, ज्यांना फार आधार लागतो अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द कागदावर आलेला आहे.

कागदावर आलेला आहे! हे मनात आले आणि कालचे तळे डोळ्यांपुढे उभे राहिले. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले. तेही कागदावरच. तीन वर्षे आपल्यातल्या एकाही माणसाने त्या पाण्याला हात लावला नाही, लावू दिला नाही. बाबासाहेब १९२७ ला चालत गेले तेव्हा ठरावाचे पाणी झाले. पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला, खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात आपण जिंकलो. दहा वर्षे! माझ्या तर पाचच खेपा झाल्या होत्या.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारने मदत करावी असे म्हटले आहे. तेव्हा खिडकीशी उभी राहणारी बाई भीक मागत नसते. हे मला माहीत होते, पण त्या माणसाने मान वर न करता विचारले तेव्हा मी विसरले आणि परत फिरले होते.

ती पोलादपूरची ताई ऐकत होती. म्हणाली, "आमच्या विहारात भन्तेजींनी सांगितले होते, भगवंतांनी एका आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली." मलाही ती कथा आठवली. त्याच्याजवळ कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून निजवले. पण कथा तिथे संपत नाही. मग त्यांनी बाकीच्या भिक्खूंना जमवून विचारले, की याची देखभाल तुम्ही का केली नाही? सेवा एकाच्या गळ्यात बांधून बाकीच्यांनी 'साधु साधु' म्हणायचे, असे त्यांनी सांगितले नाही. ती सगळ्या संघाची जबाबदारी ठरवली.

तिथेच आम्ही दोघींनी ठरवले. पुतण्याने तिचे आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक पाहिले आणि हयातीचा दाखला भरून द्यायला तिच्याबरोबर जायचे कबूल केले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, हे तिला माहीत नव्हते. ते मी तिला कागदावर लिहून दिले. आणि तिने मला विचारले, "ताई, तुमच्या खिडकीवाल्याने नाही म्हटले, ते लिहून दिले का?" नव्हते दिले. "मग ते 'नाही' कसले? तोंडचे 'नाही' धरायचे नाही. अर्ज द्या, पोच घ्या, आणि 'नाही' असेल तर कारणासकट लिहून मागा." नऊ वर्षे खेपा घातलेल्या बाईचे शहाणपण ते!

परत निघताना यांना पुसून, कोरडे कपडे घालून खुर्चीत बसवले. उजवा पाय नीट पाहिला. लाल झाला नव्हता. नणंदेने विचारले, "काय वैनी, फरक पडला का?" मी खरे ते सांगितले. ऊन पाण्याने मूठ सैल झाली, पण संध्याकाळी पुन्हा आवळली. सवच्या झऱ्याने अर्धांग जात नाही. त्यासाठी रोजचा व्यायाम आणि डॉक्टरच. पण घटकाभर यांना बरे वाटले आणि मला शेजारी बसायला कोणी मिळाले, हे काही थोडके नाही.

मुंबईला आल्यावर मी एक दिवस खाडा केला आणि त्याच खिडकीवर गेले. या वेळी एकटी नव्हते. आमच्या चाळीतल्या दोघी बरोबर होत्या. उत्पन्नाचा दाखला जेवढा आहे तेवढा खरा जोडला. अर्ज दिला, पोच मागितली. खिडकीतल्या माणसाने आधी माझ्याकडे, मग त्या दोघींकडे पाहिले आणि शिक्का मारला. निकाल अजून लागायचा आहे. पोचपावती मी कपाटात, यांच्या वीस मार्चच्या फोटोमागे ठेवली आहे. रोज सकाळी यांची बोटे एकेक करून उघडताना तिकडे नजर जाते. खेपा अजून किती पडतील ठाऊक नाही. पडू देत!