दोन तास आपल्या भाषेत

बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरात गुजराती ही परकी भाषा नसते. आमचे आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत ३५ वर्षं नोकरीला होते. कचेरीत गुजराती आणि हिंदी, घरी मराठी, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर अगदी ठसक्यातली गुजराती. कुठली भाषा कधी सुरू झाली हे त्यांचं त्यांनाही कळत नसे.

८१ व्या वर्षी त्यांना अल्झायमरचं निदान झालं. पुढच्या दोन वर्षांत त्यांची गुजराती हळूहळू विरत गेली. दिवसा त्यांना सांभाळायला येणाऱ्या बेन फार प्रेमळ आहेत. पण त्या "दादा, जमी लो" म्हणाल्या की आजोबा माझ्या आईकडे बघतात आणि हळूच विचारतात, "सूनबाई, ह्या काय म्हणताहेत?"

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. अल्झायमरमध्ये साधारणपणे ताजं आधी जातं आणि जुनं उशिरा. सकाळी नाश्ता केला की नाही हे आठवत नाही, पण शाळेतल्या मास्तरांचं नाव आठवतं. अनेकांच्या बाबतीत भाषांचंही तसंच होतं: मागाहून शिकलेली भाषा आधी सैल पडते, आईकडून मिळालेली टिकून राहते. पुण्या-साताऱ्यात हे कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी मात्र याचा अर्थ असा, की आजारी माणसाच्या आजूबाजूचं अर्धं जग अचानक परक्या भाषेत बोलू लागतं.

आमच्या भागातल्या मंडळातल्या दोन काकूंनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक बैठक सुरू केली, तेव्हा हीच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. एक शनिवार सोडून एक, दुपारी ४ ते ६, मंडळाच्या छोट्या खोलीत. सहा-सात कुटुंबं येतात. बैठकीला काही नाव नाही. आई म्हणते, "शनिवारचं".

अशा बैठकींची कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समध्ये बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये 'अल्झायमर कॅफे' सुरू केला. या आजाराबद्दल लोक घरातसुद्धा मोकळेपणी बोलत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून रुग्ण, घरचे आणि जाणकार यांनी कॉफी पीत एकत्र बसावं, थोडी माहिती घ्यावी, थोड्या गप्पा माराव्यात, एवढीच योजना. आज अनेक देशांत असे कॅफे चालतात. आपल्याकडे 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली आणि तिच्या शाखा वेगवेगळ्या शहरांत काम करतात.

आमच्या शनिवारी कॉफीऐवजी चहा आणि पोहे असतात, आणि हातांना काम असतं. हे फार महत्त्वाचं आहे. शब्द हरवले तरी हातांची सवय बराच काळ शाबूत राहते. एक आजी कुणाशी बोलत नाहीत, पण समोर कापूस ठेवला की तासभर वाती वळतात, एकीसारखी एक. दुसऱ्या एक आजी शेंगा सोलतात. एक काका निवृत्त हिशेबनीस. त्यांना जुन्या वह्या आणि पट्टी दिली की रेघा आखत बसतात. मग गाणी होतात: भोंडल्याची, भजनं, कधी नाट्यगीतं. पाढ्यांची पाळी आली की आमचे आजोबा राजे. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, एकही चूक नाही. पाच मिनिटांपूर्वी पोहे खाल्ल्याचं मात्र त्यांना आठवत नाही. मी बी.ई. झालो, रोज कॉम्प्युटरवर काम करतो, पण मला पाऊणकी येत नाही. त्या खोलीत आजोबा रुग्ण नसतात, मला पाढे शिकवणारे असतात.

काही नियम काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितले, ते घरीही उपयोगी पडले. "ओळखलंत का मला?" असं विचारायचं नाही; आपणच नाव आणि नातं सांगायचं. चूक दुरुस्त करायची नाही. आजोबा म्हणाले "मला ड्यूटीवर जायचंय", तर "अहो, तुम्ही रिटायर झालात" म्हणण्याऐवजी "तुमच्या कचेरीत कोण कोण असायचं?" असं विचारायचं. एका वेळी एकच प्रश्न. माईक नाही (मंडळाच्या इतिहासात हा बहुधा पहिलाच कार्यक्रम). गडद रंगाचं पायपुसणं उचलून ठेवायचं, कारण काहींना ते जमिनीतला खड्डा वाटतं. संडासाच्या दारावर मोठं मराठी अक्षर आणि चित्र.

पाच वाजता घरची माणसं अर्ध्या तासासाठी गच्चीवर जातात. खाली दोन-तीन स्वयंसेवक थांबतात. गच्चीवर जे बोललं जातं ते घरी न्यायचं नाही, असं ठरलेलं आहे, म्हणून मी फक्त आईचं सांगतो, तेही तिला विचारून. दुसऱ्याच बैठकीत ती म्हणाली, "मला मामंजींचा राग येतो. आणि मग स्वतःचा." ज्या बाईनं सासऱ्यांपुढे तीस वर्षांत आवाज चढवला नाही, तिनं हे सात अनोळखी माणसांसमोर सांगितलं. कुणी उपदेश केला नाही. एक काकू म्हणाल्या, "मलाही येतो", आणि त्यांनी आईचा चहा भरला.

घरी आल्यावर आम्ही हिशेब मांडला. माझ्या कामात रात्री सर्व्हर बिघडला तर कोणी उठायचं याची पाळी ठरलेली असते. एकाच माणसानं सलग दोन वर्षं रात्री उठावं, असं कुठलीही कंपनी म्हणणार नाही. आमच्या घरी आई उठत होती. तिचं वय ६१, तिला रक्तदाब आहे, आणि ती दोन वर्षांत एकाही हळदीकुंकवाला गेली नव्हती. आता फ्रीजवर तक्ता आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवारची रात्र माझी, मंगळवार-गुरुवार बाबांची, शनिवार-रविवारी माझी बायको आणि मी आलटून पालटून. आजोबांची दाढी आणि आंघोळ माझ्याकडे. पुण्याची आत्या महिन्यातून चार दिवस येते, तेव्हा आई माहेरी जाते. आजार तोच आहे, आईचा रक्तदाब मात्र खाली आला आहे.

आपल्या भाषेत या आजाराला पूर्वापार शब्द आहे तो 'म्हातारचळ'. जोडीला 'साठी बुद्धी नाठी' आहेच. शब्दच असा असेल तर माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता, म्हणून २००४ मध्ये सरकारनं ते नावच बदललं. पुढच्या वर्षीपासून दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळकरी मुलं यांना अशा माणसांशी कसं वागावं याचे छोटे वर्ग सुरू झाले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते केले आहेत. आणि म्हातारपण म्हणजे विसरभोळेपणा हे समीकरणही खरं नाही. देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांना तो नाही. म्हणून "वयच झालंय" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर उपाय असतात. आधी डॉक्टर, मग बैठक.

बैठकीनं आजार बरा होत नाही. आजोबा आता खुर्चीतून फारसे उठत नाहीत, गेले तीन महिने ते शनिवारी येऊ शकले नाहीत. आई जाते. वाती वळणाऱ्या आजी दिवाळीनंतर गेल्या. त्यांचे यजमान अजूनही येतात, चहाचं सगळं तेच बघतात. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जातो. तिची मराठी गुजराती वळणाची आहे, पण तिथल्या आजी-आजोबांशी दुसरी भाषा चालत नाही हे तिला कळलं आहे, आणि ती नेटानं मराठी बोलते. घरी येऊन पणजोबांना कोण काय म्हणालं ते सांगते. ते ऐकतात. किती पोचतं ते सांगता येत नाही, पण तिचा हात धरून ठेवतात.

तुमच्या गावी मंडळ असेल, तर एक खोली असणारच. शेजारी संडास, हाताच्या खुर्च्या, दोन समजूतदार माणसं आणि महिन्यातले चार तास एवढ्यावर सुरुवात होते. ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांच्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर दारावर लावा. तरुणांसाठी काम भरपूर आहे: आणणं-पोचवणं, खुर्च्या मांडणं, गच्चीवरच्या अर्ध्या तासात खाली थांबणं. आमच्याकडे सध्या पाढे घेणारं कुणी नाही. मी पाऊणकी आठाच्या पुढे पाठ करतो आहे.