मूळचे कुठले?

मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या आपाचा मुलगा गेल्या डिसेंबरात आठ दिवस ठाण्याला आमच्याकडे राहून गेला. वय एकोणीस, नमाजचा पाबंद आणि क्रिकेटचा वेडा. आला त्याच रात्री दस्तरखानावर माझ्या मुलांनी त्याला हैराण केले. तुमच्या अंगणात कांगारू येतात का? शाळेत जाताना मगर दिसते का? बिचारा म्हणाला, कांगारू पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि मगर अजून पाहायची आहे. त्या राहतात उत्तरेला, मेलबर्नपासून हजारो किलोमीटरवर.

दोष मुलांचा नाही. १९८६ साली ‘क्रोकोडाइल डंडी’ हा सिनेमा आला आणि रुंद टोपी घातलेला, रानात एकट्याने फिरणारा, मगरीशी झुंजणारा गोरा गडी म्हणजेच ऑस्ट्रेलियन, असे जगाने ठरवून टाकले. प्रत्यक्षात तिथली बहुतेक माणसे समुद्रकाठच्या मोठ्या शहरांत राहतात. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ निम्म्या लोकांच्या आईवडिलांपैकी एक तरी परदेशात जन्मलेला आहे. आठ लाखांवर मुसलमान आहेत.

हे सगळे ऐकून मी विचारले, “ते ठीक आहे रे, पण तू खरा कुठला?”

“मेलबर्नचा, मामू.”

“अरे, मूळचा?”

तो हसला. “मामू, तिथे हा प्रश्न मला गोरे विचारतात.”

मी मुकाट्याने तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी त्याला घोडबंदरचा किल्ला दाखवायचा ठरले. जोहर पढून निघालो. ठाण्याहून बोरिवलीकडे जाणाऱ्या बसला खिडकी मिळाली, हे नशीबच. कापूरबावडी सोडली, की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि उजवीकडे, इमारतींच्या पलीकडे, खाडी. मी लहानपणी या रस्त्याने आलो तेव्हा संध्याकाळनंतर इकडे यायला लोक बिचकत. आता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, सगळीकडे वीस-वीस, तीस-तीस मजले, मधोमध मेट्रोचे खांब आणि खांबांखाली अडकलेली वाहने. गावांची नावे तेवढी राहिली, तीही बसथांब्यांवर.

कासारवडवलीला बस बराच वेळ खोळंबली. समोर एक संकुल दिसले आणि मला जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी तिथे भाड्याने घर पाहायला गेलो होतो. एजंटशी फोनवर चार वेळा बोलणे झाले, अनामत ठरली, गॅलरीत तुळस ठेवायला कट्टा आहे हेही त्याने कौतुकाने सांगितले. समोरासमोर भेटलो, मी नाव सांगितले, आणि त्याचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, खरेच ओशाळला होता. म्हणाला, “सॉरी हो. फोनवर तुम्ही मराठी वाटलात.”

घर गेले त्याचे दुःख वर्षभरात विरले. हे वाक्य मात्र राहिले. माझी आई रत्नागिरीकडची, घरात कोकणी बोली, माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातले. पण सिनेमातला मुसलमान पाहावा तर अचकन घालून शेरोशायरी करणारा, नाहीतर सुरमा घालून सुरा काढणारा. एसटीच्या रांगेत मराठी पेपर वाचत उभा असलेला मुसलमान दाखवायला कुणाला सुचतच नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या आवाजाने भारल्या, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. एजंटने ही नावे ऐकली नसतील असे नाही. ती त्याने मुसलमानांच्या खात्यात धरली नसावीत, एवढेच.

आणि आपणही कमी नाही. आमच्याच घरात सर्रास म्हणतात, “शेजारी मराठी लोकांकडे लग्न आहे.” म्हणजे आपण कोण? भाच्याने तिसऱ्याच दिवशी हे पकडले होते.

गायमुखला खाडी उघडी होते आणि रस्ता घाट चढू लागतो. या बंदरात अरबस्तानचे घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, असे सांगतात. खरे-खोटे काहीही असो, या किनाऱ्यावर अरब व्यापारी येत होते याला जुना पुरावा आहे. इसवी सन ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. सीराफ, ओमान, बसरा इथून आलेले. आणि शिवाय इथेच जन्मलेले. या इथे जन्मलेल्यांसाठी तो वेगळा शब्द देतो, बयासिरा. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच ‘इथले’ म्हणण्याजोगे लोक होते.

किल्ला लहान आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, पुढे इंग्रजांकडे गेलेला. वर वारा छान होता. खाली खाडीचे पाणी संथ होते. भाचा म्हणाला, “आमच्याकडे ‘घान’ नावाची ट्रेन आहे. अ‍ॅडलेडहून डार्विनला जाते.” ‘अफगाण’चे ते लघुरूप. एकोणिसाव्या शतकात वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर उंटवाले आले; बलुचिस्तान, पंजाब, सिंध, पेशावर, कुठले कुठले. सगळ्यांना एकच नाव पडले, अफगाण. अ‍ॅडलेडची मशीद त्यांच्याच काळातली, १८८८-८९ ची. पुढे १९०१ मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा झाला आणि वर्षानुवर्षे तिथे राबलेल्या अनेकांना नागरिकत्व मिळाले नाही.

“आणि उस्मान ख्वाजा?” मी विचारले. त्याचा चेहरा उजळला. इस्लामाबादेत जन्मलेला ख्वाजा २०११ च्या जानेवारीत सिडनीला ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळला. त्या संघातला पहिला मुसलमान. “तो आउट झाला की लोक त्याला पाकिस्तानी म्हणतात, शतक मारले की आपला,” भाचा म्हणाला. हे त्याचे निरीक्षण. मी फक्त मान हलवली.

असरची वेळ होत आली होती. उतरून रस्त्यालगतच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवरच्या पोराने माझी दाढी पाहून हिंदीत विचारले, “कहाँ से आए, चाचा?” मी ठसक्यात मराठीत सांगितले, “ठाण्याहून.” त्याबरोबर तो मराठीत सुरू झाला. किल्ला पाहिलात का, पावसाळ्यात या, तेव्हा मजा असते. मागे भिंतीवर त्याने जौनपूरच्या कुठल्याशा मेळ्याचे कॅलेंडर टांगले होते.

मी खूश होऊन म्हणालो, “वा, मराठी छान बोलतोस की!”

“जन्म भाईंदरचा आहे, काका,” तो ग्लास विसळत म्हणाला.

भाचा माझ्याकडे बघत होता. मी खिशात सुटे पैसे शोधू लागलो.